रस्ता आणि मोहल्ला : मुंबईच्या सुधारणेची एक जुनी कहाणी

शाळेच्या इतिहासात राजे येतात, लढाया येतात, तह आणि सनावळ्या येतात. ज्या रस्त्याने विद्यार्थी शाळेत येतो त्या रस्त्याचा इतिहास मात्र कोणत्याच इयत्तेच्या पुस्तकात नसतो. वास्तविक रस्त्यालाही इतिहास असतो. तो कोणीतरी आखलेला असतो, कोणाच्या तरी जमिनीवरून गेलेला असतो, आणि पुष्कळदा कोणाच्या तरी चुलीच्या जागेवरून गेलेला असतो.

आपल्या समाजाची मोठी वस्ती शहरांच्या जुन्या भागांत आहे. त्यामुळे रस्तारुंदीची, पुलाची किंवा पुनर्विकासाची नोटीस निघाली की ती अनेकदा आपल्याच मोहल्ल्याच्या भिंतीवर लागते. अशा वेळी दोन आवाज ऐकू येतात. एक म्हणतो, शहराची प्रगती अडवू नका. दुसरा म्हणतो, वाडवडिलांची जागा आम्ही सोडणार नाही. दोन्ही आवाज मनापासूनचे असतात आणि दोहोंत काही खरे असते. परंतु हा वाद आजचा नाही. मुंबई शहरात तो सव्वाशे वर्षांपूर्वी मोठ्या प्रमाणावर होऊन गेला आहे. त्या वादात काय घडले हे पालकांनी आणि विद्यार्थ्यांनी समजून घेतले, तर पुढची नोटीस वाचताना त्याचा उपयोग होईल, या हेतूने हा लेख लिहिला आहे.

प्लेगचे साल

1896 च्या सप्टेंबर महिन्यात मुंबईच्या मांडवी भागात काही माणसे तापाने आणि काखेत-जांघेत गाठी येऊन मरू लागली. डॉ. अकासियो व्हिएगस या गोव्याच्या डॉक्टरांनी हा गाठीचा प्लेग असल्याचे ओळखले. मांडवी हा गोदीलगतचा धान्याच्या वखारींचा भाग. तेथून रोग भराभर पसरला आणि लोक शहर सोडून पळू लागले. 1891 च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या 8,21,764 होती. 1901 साली ती 7,76,006 भरली. वाढत्या शहराची लोकसंख्या दहा वर्षांनी घटलेली दिसते, यावरून त्या संकटाची कल्पना यावी.

सरकारने 1897 साली साथीच्या रोगांचा कायदा केला. तपासणीची पथके घरात शिरू लागली, रोग्यांना उचलून रुग्णालयात नेऊ लागली, सामान जाळू लागली. पुण्यात याच कारभाराच्या संतापातून 1897 च्या जून महिन्यात रँडचा खून झाला. मुंबईत मार्च 1898 मध्ये मदनपुऱ्याच्या विणकर वस्तीत दंगल पेटली. एका जुलाहा कुटुंबातील आजारी मुलीला तपासायला पथक आले, घरच्यांनी विरोध केला, आणि त्यातून गोळीबारापर्यंत मजल गेली. उत्तरेतून पोट भरण्यासाठी आलेल्या या विणकरांना रोगाची भीती नव्हती असे नाही. पण कोणी परका माणूस न विचारता घरातल्या मुलीला हात लावतो, ही गोष्ट त्यांना रोगाहून असह्य वाटली.

याच साथीत दुसरेही चित्र दिसले. वाल्डेमार हाफकिन या शास्त्रज्ञाने जे. जे. रुग्णालयाच्या आवारातील ग्रँट मेडिकल कॉलेजात प्लेगची लस तयार केली आणि जानेवारी 1897 मध्ये ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. लोकांचा तिच्यावर विश्वास बसेना. तेव्हा जेमतेम विशीतले आगाखान पुढे आले आणि त्यांनी चारचौघांसमोर लस टोचून घेतली. त्यांच्या जमातीतील पुष्कळ लोकांनी त्यांचे अनुकरण केले. निरनिराळ्या जमातींना स्वतःची प्लेग रुग्णालये चालवू दिल्यावर रुग्णालयात जाण्याचा विरोधही मावळू लागला. रोग तोच होता आणि औषधही तेच होते. आपल्या माणसाने समजावून सांगितले आणि आपल्या हाती काही कारभार आला, एवढाच फरक पडला होता. पुढे घरांच्या बाबतीत मात्र हा धडा कोणी लक्षात ठेवला नाही.

वारा आणण्यासाठी रस्ते

प्लेगमुळे राज्यकर्त्यांचे लक्ष मुंबईच्या दाट वस्तीकडे वळले. त्या काळी शहरातील बहुसंख्य माणसे एका खोलीच्या बिऱ्हाडात राहत होती. खोल्यांना खिडकी असली तरी ती समोरच्या भिंतीकडे उघडे. गटारे उघडी, गल्ल्या अरुंद. या वस्तीची सुधारणा करण्यासाठी 1898 साली खास कायदा झाला आणि 'सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट' स्थापन झाला. लॉर्ड सँडहर्स्ट त्या वेळी गव्हर्नर होते. स्कॉटलंडमधील ग्लासगो शहरात अशीच योजना 1866 पासून चालू होती. तिचा नमुना समोर होता.

ट्रस्टचे काम तीन प्रकारचे होते. आरोग्याला घातक ठरलेल्या वस्त्या पाडणे, दाट भागातून नवे रस्ते काढणे आणि शहराच्या उत्तरेला नवी जमीन वस्तीसाठी तयार करणे. नागपाडा आणि आग्रीपाडा यांच्या योजना सुरुवातीलाच हाती घेतल्या गेल्या. प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड हे दोन रस्ते पश्चिमेकडून पूर्वेकडे काढले गेले. त्यांमागचा एक विचार असा होता की, चौपाटीच्या बाजूचा समुद्राचा वारा या रस्त्यांनी आत शिरेल आणि कोंदट मोहल्ल्यांतील दूषित हवा धुऊन काढेल. पुढे ट्रस्टच्याच काळात दाट वस्ती फोडून मोहम्मद अली रोडही निघाला.

येथे विद्यार्थ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. वाऱ्याने प्लेग जातो, ही समजूतच अपुरी होती. प्लेग उंदरांच्या अंगावरील पिसवांमुळे पसरतो, हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने 1898 साली, म्हणजे ट्रस्ट स्थापन झाला त्याच वर्षी दाखवून दिले. ते सर्वमान्य व्हायला मात्र पुढची कित्येक वर्षे गेली. म्हणजे ज्या शास्त्राच्या आधारे घरे पाडली गेली ते शास्त्र त्या वेळीच बदलत होते. तरीही ट्रस्टचे सगळे काम वाया गेले, असे म्हणणे अन्यायाचे होईल. उजेड आणि हवा यांचा क्षयरोगाशी जवळचा संबंध आहे. ट्रस्टने आग्रीपाड्यासारख्या ठिकाणी बांधलेल्या चाळी पक्क्या आणि हवेशीर होत्या. ट्रस्टचे एक अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी तर उजेडाचे गणितच मांडले. राहत्या खोलीला साडेत्रेसष्ट अंशांच्या कोनात आकाश मोकळे असावे, असा त्यांचा नियम होता. गणिताच्या विद्यार्थ्याला याचा अर्थ लगेच समजेल. खिडकीसमोर जितके फूट मोकळी जागा, त्याच्या दुप्पट उंचीपर्यंतच समोरची भिंत चढवावी. आज शंभर वर्षांनीही हा नियम आपल्या गल्लीला लावून पाहावा. फार थोडी घरे त्यात बसतील.

घर कोणाचे, मोबदला कोणाला

मग बिघडले कोठे? हे समजण्यासाठी पाडकामाच्या हिशेबाकडे पाहिले पाहिजे.

1894 च्या भूसंपादन कायद्याप्रमाणे सरकारला सार्वजनिक कामासाठी जमीन घेता येत असे. मालकाला बाजारभाव मिळे आणि सक्तीने घेतल्याबद्दल वर शेकडा 15 मिळत. घरमालकाजवळ खरेदीखत असे, वकील असे. तो दाद मागून रक्कम वाढवून घेऊ शकत असे. पण त्याच इमारतीत महिन्याच्या भाड्याने राहणारा हमाल, विणकर, शिंपी, जिल्दसाज किंवा तांडेल यांच्याजवळ काय होते? बहुतेकांजवळ भाड्याची पावतीसुद्धा नव्हती. घर पडले की त्याने आपले बोचके उचलून दुसरीकडे जायचे, एवढेच त्याच्या वाट्याला येई.

दुसरी अडचण पैशाची होती. ट्रस्ट कर्ज काढून काम करीत होता आणि ते कर्ज जमिनीच्या उत्पन्नातून फेडायचे होते. साहजिकच नव्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंचे भूखंड जास्तीत जास्त भाडेपट्टा देणाऱ्याला गेले. तेथे उंच, देखण्या इमारती उभ्या राहिल्या. त्यांतील खोलीचे भाडे पूर्वीच्या रहिवाशाला परवडणारे नव्हते. सुरुवातीच्या काळात पाडलेल्या खोल्या जास्त आणि नव्या बांधलेल्या कमी, अशी स्थिती राहिली.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. नव्या जमिनी उत्तरेला दादर, माटुंगा, शीव या बाजूला तयार झाल्या. तेथे मध्यमवर्गीयांच्या सुंदर वसाहती झाल्या. मग मांडवी-डोंगरीचा माणूस तिकडे का गेला नाही? कारण त्याचे काम गोदीत होते, बाजारात होते, गल्लीच्या तोंडाशी होते. पहाटे गोदीच्या फाटकावर जो आधी पोहोचेल त्याला काम मिळे. रोज ट्रामचे पैसे देणे त्याला शक्य नव्हते. उधारीवर पीठ देणारा दुकानदार ओळखीचा होता, मुलाचे मकतब जवळ होते, गावाकडून आलेल्या माणसाला उतरायला जमातखाना किंवा गावकऱ्यांची खोली जवळ होती. मोहल्ला म्हणजे गरिबाची पेढी आणि गरिबाचा विमा. नकाशावर ही गोष्ट दिसत नाही. नकाशात फक्त भिंती दिसतात.

म्हणून घरे पडलेली माणसे लांब गेली नाहीत. ती शेजारच्या गल्लीत शिरली. पाच माणसांच्या खोलीत आठ झाली. एक मोहल्ला मोकळा करताना त्याला लागून असलेले दोन मोहल्ले अधिक दाटले. ट्रस्टच्या अधिकाऱ्यांनाही हे दिसू लागले, आणि आधी नवी घरे उभी करून मग जुन्या वस्तीला हात घालावा, असा विचार पुढे आला. तो सुचेपर्यंत दहा-बारा वर्षे गेली होती.

ट्रस्टच्या मंडळाकडे नजर टाकली तर यामागचे कारण सापडते. त्यावर सरकारी अधिकारी होते. महापालिकेचे प्रतिनिधी होते. व्यापारी मंडळाचा आणि गिरणीमालकांचा माणूस होता. ज्याची खोली पडणार होती त्या भाडेकरूचा माणूस मात्र त्यावर नव्हता.

एक नाव आणि एक रस्ता

या कहाणीत आपल्या समाजातील एका मोठ्या माणसाचे नाव येते. सर इब्राहिम रहिमतुल्ला हे 1892 पासून मुंबई महापालिकेचे सभासद होते. प्लेगच्या धामधुमीत, 1899 साली, ते महापालिकेचे अध्यक्ष झाले. ट्रस्टच्या मंडळावरही त्यांनी महापालिकेच्या वतीने काम केले. पुढे ते मध्यवर्ती कायदेमंडळाचे अध्यक्ष झाले. शहराच्या सुधारणेचे काम ज्यांनी आतून पाहिले अशा थोड्या हिंदी माणसांपैकी ते एक होते.

त्यांच्या चरित्रातील दुसरी गोष्ट आपल्यासारख्या शिक्षणसंस्थेने विशेष लक्षात ठेवावी. मुंबई शहरात प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे अशी मागणी त्यांनी आणि चिमणलाल सेटलवाड यांनी सरकारकडे लावून धरली. 1906 साली सरकारने समिती नेमली. समितीने उत्तर दिले की, लोक अजून यासाठी तयार नाहीत. घरे पाडण्यासाठी लोक तयार आहेत का, हे विचारायला कोणतीही समिती नेमली गेली नव्हती. मुलांना शिकवायचे म्हटल्यावर मात्र लोकांची तयारी आठवली.

या दोन गोष्टी एकत्र ठेवून पाहाव्यात. नोटीस इंग्रजीत निघत होती. हरकत लेखी घ्यावी लागत होती. मोबदल्याचा दावा कागदावर चालत होता. आणि ज्या मोहल्ल्यावर हे सारे येत होते तेथील बहुतेक माणसे निरक्षर होती. रस्त्याच्या आखणीत मोहल्ला हरला त्याचे एक मोठे कारण तो मकतबाच्या पुढे गेला नव्हता, हे आपण प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. भेंडीबाजारातून जे. जे. रुग्णालयाकडे जाणाऱ्या रस्त्याला आज इब्राहिम रहिमतुल्ला यांचेच नाव आहे. त्या रस्त्यावरून आपण पुष्कळदा जातो. नावाची पाटी वाचून थोडे थांबतो का?

कानपूरचा दालान

मुंबईत हे चालू असताना उत्तरेत कानपूर शहरी असाच एक वाद पेटला. तो येथे सांगितला पाहिजे, कारण न विचारण्याची किंमत किती मोठी असते हे त्यातून दिसते. तेथील नगरसुधारणेच्या योजनेत एक नवा रस्ता आखला होता. मच्छली बाजारातील मशिदीचा वजू करण्याचा दालान त्याच्या आड येत होता. याच रस्त्याच्या वाटेतील एक मंदिर वाचावे म्हणून आखणी आधी थोडी वळवण्यात आली होती. ते योग्यच होते. मग तोच विचार मशिदीच्या दालानाबाबत का होऊ नये, असा स्थानिक मुसलमानांचा प्रश्न होता. दालान हा मशिदीचा भाग नाही, असे अधिकाऱ्यांनी परस्पर ठरवले आणि 1 जुलै 1913 रोजी तो पाडला.

3 ऑगस्ट रोजी सभेनंतर जमाव मशिदीपाशी आला आणि पडलेल्या विटा पुन्हा रचू लागला. पोलिसांनी गोळीबार केला. कित्येक माणसे मेली, शंभरावर लोकांवर खटले झाले, आणि हिंदुस्थानभर संताप उसळला. मौलाना आझादांच्या 'अल-हिलाल' पत्राने हा प्रश्न देशापुढे मांडला. मौलाना मोहम्मद अली आणि वजीर हसन हे गाऱ्हाणे घेऊन विलायतेला गेले.

अखेर ऑक्टोबरमध्ये व्हाइसरॉय लॉर्ड हार्डिंज स्वतः कानपूरला आले. खटले काढून घेतले गेले आणि तोड निघाली. काय होती ती तोड? दालान जमिनीपासून काही फूट उंच बांधायचा आणि त्याच्या खालून लोकांना चालायला वाट ठेवायची. रस्ताही झाला, दालानही राहिला.

वाचकहो, या तोडग्यात कोणतेही मोठे शास्त्र नव्हते. गावातला साधा गवंडीसुद्धा तो सुचवू शकला असता. जून महिन्यात कोणी मशिदीच्या चार वडीलधाऱ्यांना बोलावून नकाशा पुढे ठेवला असता, तर ऑगस्टमध्ये प्रेते उचलावी लागली नसती. रस्ता हवा की वस्ती, असा प्रश्न विचारला की भांडण होते. रस्ताही हवा आणि वस्तीही हवी, तर मग कसे करावे, असे विचारले की बहुधा उत्तर सापडते.

न पाडलेली घरे

एवढे वाचून कोणी म्हणेल, मग जुने जसे आहे तसेच राहू द्यावे. या बाजूचाही हिशेब इतिहासाने मांडून ठेवला आहे.

1933 साली ट्रस्ट महापालिकेत विलीन झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर घरांची टंचाई वाढली आणि 1947 च्या कायद्याने भाडी गोठवली गेली. भाडेकरूला त्याने मोठे संरक्षण मिळाले. हजारो कुटुंबे शहराच्या मध्यभागी टिकून राहिली ती या कायद्यामुळे. पण काही रुपये भाड्यात इमारतीची डागडुजी कोण करणार? घरमालकाने हात वर केले. भाडेकरू म्हणे, घर माझे नाही. पागडीने खोल्या हातोहात फिरल्या. लाकडी तुळया कुजल्या, संडासाच्या नळांनी भिंती भिजल्या. 1969 साली सरकारने इमारत दुरुस्ती मंडळ स्थापन करून उपकर बसवला. त्या वेळी अशा उपकरप्राप्त इमारतींची संख्या 19,642 होती. मंडळाने टेकू लावले, काही इमारती नव्या बांधल्या. तरी जुन्या इमारती पावसाळ्यात पडण्याचे थांबले नाही.

31 ऑगस्ट 2017 रोजी भेंडीबाजाराच्या पाकमोडिया स्ट्रीटवरील हुसैनी इमारत सकाळी कोसळली आणि 33 माणसे गेली. इमारत धोकादायक आहे हे माहीत होते. काही कुटुंबे आधीच संक्रमण निवासात गेली होती, काही मागे राहिली होती. मागे का राहिली, याची कारणे आपल्याला सव्वाशे वर्षांपूर्वीच्या मांडवीत सापडतात. काम जवळ, शाळा जवळ, आपली माणसे जवळ. आणि एकदा बाहेर पडलो तर परत येऊ का, ही धास्ती. ही धास्ती वेडेपणाची नाही, ती अनुभवातून आलेली आहे. परंतु कुजलेल्या तुळईला आपला अनुभव कळत नाही. मोहल्ला जपणे म्हणजे पडकी भिंत जपणे, असा अर्थ करून घेतला तर तो जीवघेणा ठरतो.

याच भेंडीबाजारात 2009 साली सैफी बुऱ्हानी ट्रस्टने सुमारे साडेसोळा एकर वस्तीच्या पुनर्विकासाची योजना हाती घेतली. सुमारे 250 इमारती, 3,200 कुटुंबे आणि 1,250 दुकाने तिच्यात आली. कुटुंबांची आधी संक्रमण निवासात सोय करायची, मग पाडकाम करायचे, आणि भाडेकरूला किमान 350 चौरस फुटांचे मालकीचे घर त्याच जागी द्यायचे, असे तिचे सूत्र आहे. योजनेविषयी वेगवेगळी मते आहेत. उंच इमारतीत गेल्यावर ओट्यावरचा शेजार उरेल का, घरात बसून शिवणटिपण करणाऱ्या बाईचे गिऱ्हाईक वर चढेल का, हे प्रश्न खरे आहेत. तरी जुन्या ट्रस्टने जे केले नाही ते येथे कागदावर तरी आले. भाडेकरू हिशेबात धरला गेला आणि परत येण्याचा त्याचा हक्क लिहिला गेला.

डोक्यावरून गेलेला रस्ता

विसाव्या शतकाच्या शेवटी मुंबईत उड्डाणपुलांचा कार्यक्रम सुरू झाला. त्यात जे. जे. रुग्णालयापासून क्रॉफर्ड मार्केटच्या पुढपर्यंत, इब्राहिम रहिमतुल्ला रोड आणि मोहम्मद अली रोड यांच्या डोक्यावरून, दोन किलोमीटरहून लांब पूल बांधला गेला. 2002 साली तो खुला झाला. माहीमचे थोर संत आणि विद्वान मखदूम अली माहिमी यांचे नाव त्याला आहे. पुलाने दक्षिण मुंबईकडे जाणाऱ्यांचा बराच वेळ वाचवला, हे नाकारण्याचे कारण नाही. कोणाचे घरही त्यासाठी फारसे पडले नाही.

पण ज्या रस्त्याकडेच्या इमारतींत उजेड आणि हवा यावी म्हणून एकेकाळी कोनांचे गणित झाले, त्याच इमारतींच्या खिडक्यांसमोरून आता मोटारी धावू लागल्या. कित्येक ठिकाणी पुलाचा कठडा आणि घराची खिडकी यांत हातभर वाटावे इतकेच अंतर आहे. तेथे अभ्यास करणाऱ्या मुलाला दिवसा दिवा लावावा लागतो आणि रात्री हॉर्नचा आवाज सोसावा लागतो. पूर्वी रस्त्यासाठी मोहल्ला बाजूला सारला गेला, या वेळी रस्ता त्याच्या डोक्यावरून गेला. वेळ वाचला तो पुलावरून जाणाऱ्याचा. ज्याचा उजेड गेला तो खाली राहिला. मोहल्ला मात्र दोन्ही वेळा टिकला. पुलाखाली दुकाने चालू आहेत. रमजानच्या रात्री मिनारा मशिदीभोवती गर्दी मावत नाही. नागपाड्याचेही तसेच झाले. ट्रस्टने तो पार पाडून चौकोनी आखणीने नवा बसवला, आणि त्याच सरळ रस्त्यांवर एका पिढीत पुन्हा मोहल्ला उभा राहिला. 1927 साली तेथे अमेरिकन मराठी मिशनने नेबरहूड हाऊस उघडले. गरीब मुलांना वाचायला, खेळायला जागा मिळाली आणि नागपाड्याची बास्केटबॉलसाठी ख्याती झाली. मोहल्ला विटांत नसतो, माणसांत असतो. पण माणसे एकत्र राहिली तरच.

आपण काय शिकावे

या शतकभराच्या कहाणीतून निघणारा निष्कर्ष साधा आहे. सुधारणा वाईट नव्हती आणि लोकही सुधारणेचे शत्रू नव्हते. ज्यांच्यासाठी सुधारणा होती त्यांना आखणीच्या वेळी विचारले गेले नाही, आणि विचारले असते तरी कागदावर उत्तर देण्याची ताकद त्यांच्यात नव्हती. पहिला दोष राज्यकर्त्यांचा. दुसरा दूर करणे आपल्या हाती आहे.

आता कायदाही बदलला आहे. महाराष्ट्राच्या 1966 च्या नगररचना कायद्याप्रमाणे शहराचा विकास आराखडा आधी प्रसिद्ध करावा लागतो आणि ठराविक मुदतीत कोणीही नागरिक लेखी हरकत घेऊ शकतो. 1894 चा भूसंपादन कायदा जाऊन 2013 चा नवा कायदा आला. त्यात मालकाबरोबरच त्या जागेवर राहणारे आणि तेथे पोट भरणारे कुटुंबही बाधित म्हणून धरले जाते. 2015 साली मुंबईच्या नव्या विकास आराखड्यावर हजारो हरकती आल्या. चुका इतक्या निघाल्या की सरकारला तो बाजूला ठेवून नव्याने करायला लावावा लागला. त्यासाठी कोणाला दगड उचलावा लागला नाही. लोकांनी नकाशा उघडला, आपली गल्ली शोधली आणि चूक कोठे आहे ते लिहून दिले.

तेव्हा पालकांना नम्र विनंती आहे. घराच्या भाडेपावत्या, विजेची बिले, शिधापत्रिका एका पिशवीत नीट जपून ठेवाव्यात. नोटीस आली की ती फाडू नये आणि तिला घाबरूही नये. ती शिकलेल्या मुलाकडून किंवा मुलीकडून शब्दन् शब्द वाचून घ्यावी. मुदत कधी संपते ते आधी पाहावे. इमारत धोकादायक ठरली असेल तर आधी जीव वाचवावा, पण बाहेर पडताना परत येण्याचा हक्क लेखी घेतल्यावाचून राहू नये.

आणि विद्यार्थ्यांना सांगायचे ते असे. डॉक्टर व्हा, शिक्षक व्हा, व्यापार करा. पण तुमच्यातून काही मुलामुलींनी नगररचना शिकावी, स्थापत्य शिकावे, भूमापन आणि महसुलाचा कायदा शिकावा. ज्या टेबलावर नकाशा पसरला जातो तेथे आपल्या गल्लीत वाढलेला एक तरी माणूस बसलेला असावा. दालान काही फूट उचलला तर रस्ताही होतो, हे त्याला इतरांच्या आधी सुचेल. आज घरी गेल्यावर प्रत्येकाने आपल्या गल्लीचा एक नकाशा कागदावर काढून पाहावा. कोणते घर कोठे, नळ कोठे, शाळा कोठे, कोण कोणत्या कामाला कोठे जातो, सारे त्यात लिहावे. इतिहासाचा आणि नागरिकत्वाचा अभ्यास तेथून सुरू करता येईल.